बालकाचे पहिले पाऊल आणि अंगणवाडीची नजर

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि बालविकासाच्या कार्याशी संबंधित अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अंगणवाडीतील वजनाचा दिवस सर्वांच्या परिचयाचा आहे. आया बालकांना घेऊन ओळीने बसलेल्या असतात. एकेक बालक काट्यावर चढते, सेविका आकडा वाचते, मदतनीस तो नोंदवहीत लिहून घेते आणि आलेखावर एक टिंब पडते. अशाच एका दिवशी दहा महिन्यांचे एक बाळ काट्यावर आले आहे, अशी कल्पना करावी. त्याचे वजन वयाच्या मानाने योग्य भरले. टिंब हिरव्या पट्ट्यात पडले. आईला समाधान वाटले. परंतु त्या एका मिनिटात आणखी एक गोष्ट दिसून गेली. समोर धरलेल्या खुळखुळ्याकडे बाळाचा उजवा हात झेपावला, डावा मात्र जागचा हलला नाही. त्या हाताची मूठ मिटलेलीच राहिली आणि अंगठा मुठीच्या आत दडलेला होता. वजनाच्या नोंदवहीत या गोष्टीसाठी रकाना नव्हता. पुढचे बालक काट्यावर आले आणि ती मिटलेली मूठ नजरेआड झाली.

आजच्या विवेचनाचा विषय ती मिटलेली मूठ हाच आहे. वजन घटले तर काटा सांगतो, ताप चढला तर अंग सांगते. परंतु बालकाच्या हालचालींचा विकास मागे पडत असेल, तर ते सांगणारे कोणतेही साधे यंत्र गावात नसते. तेथे माणसाची नजरच लागते. सुदैवाने अशी नजर गावोगावी आहे. रोज वीस-पंचवीस बालकांना एकत्र खेळताना, बसताना, उठताना आणि जेवताना पाहणारी व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका होय. आई एका बाळाला पाहते. डॉक्टर बाळाला चार-पाच मिनिटे पाहतो आणि तेही बहुधा ते रडत असताना. एकाच वयाची अनेक बालके शेजारी शेजारी पाहण्याची संधी सेविकेइतकी अन्य कोणालाही मिळत नाही.

अंगणवाडीचा वारसा

अंगणवाडी हा शब्द महाराष्ट्राच्या मातीतला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ यांची त्यांना साथ लाभली. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून हा शब्द आणि त्यामागील कल्पना साकार झाली. पुढे हेच कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी बहरास आले. बालकाला वर्गात बसवून शिकविण्यापूर्वी त्याला त्याच्या अंगणात डोळे भरून पाहावे, ही या कार्याची खरी शिकवण होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यात सहा सेवांचा समावेश होता. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आहार व आरोग्य शिक्षण, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या पाच सेवा सर्वांना तोंडपाठ असतात. सहावी सेवा म्हणजे संदर्भ सेवा. ज्या बालकास अधिक तपासणीची गरज आहे ते ओळखून त्यास योग्य ठिकाणी पाठविणे, हा तिचा अर्थ होय. आहाराचे वाटप दिसते, लसीकरण मोजता येते. संदर्भ सेवेचे तसे नाही. एक बालक वेळेवर ओळखले गेले, तर त्याचा गाजावाजा होत नाही आणि ओळखले गेले नाही, तर त्याचीही बातमी होत नाही. म्हणूनच या सेवेकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे अगत्याचे ठरते.

विकासाचा क्रम आणि त्याच्या मर्यादा

बालकाच्या हालचालींचा विकास डोक्याकडून पायाकडे होत जातो. प्रथम मान सावरते, मग बाळ कुशीवर वळते, पालथे पडते, बसू लागते, आधाराने उभे राहते आणि शेवटी पाऊल टाकते. हातांचा विकास खांद्याकडून बोटांकडे होतो. आधी बाळ संपूर्ण हाताने वस्तूवर झडप घालते, नंतर मुठीत धरते आणि वर्षाच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत चुरमुऱ्याचा दाणा उचलते. हा क्रम बहुतेक सर्व बालकांत सारखा असतो, वेग मात्र निरनिराळा असतो.

हा वेग किती निराळा असू शकतो, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांचे त्यासाठी निरीक्षण करण्यात आले होते. भारतातील बालके दिल्लीतील होती. आधाराशिवाय बसण्याचा टप्पा कोणी चौथ्या महिन्याच्या आसपास गाठला, तर कोणी ९.२ महिन्यांपर्यंत वेळ घेतला. आधाराने उभे राहण्याची मर्यादा ११.४ महिने आढळली. स्वतंत्रपणे चालण्याचा टप्पा सरासरीने बाराव्या महिन्याला आला. तथापि ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही चालू लागलेली बालके निरोगीच होती. यातून दोन बोध मिळतात. शेजारच्या घरचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून तेरा महिन्यांच्या बाळाविषयी घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु अठरा महिने पूर्ण होऊनही बाळ चालत नसेल, तर आणखी वाट पाहण्यासही आधार नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. शंभरातील सुमारे चार बालके हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही वेळेवर चालू लागली. तेव्हा केवळ रांगले नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. तसेच अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते लवकर जन्मले असेल तितके वजा करावेत आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवावा. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून अकराव्या महिन्यात नऊ महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा करावी.

अशा निरीक्षणासाठी आपल्या देशातच साधने तयार झाली आहेत, ही अभिमानाची बाब आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय अर्भकांच्या विकासाची मोजमापे सिद्ध केली. त्यांतून निवडक १७ बाबी घेऊन केरळमध्ये त्रिवेंद्रम विकास तपासणी तक्ता तयार झाला आणि तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेला हा तक्ता वापरावयास अतिशय सोपा आहे. बालकाच्या वयाच्या खुणेवर पेन्सिल उभी धरावयाची आणि तिच्या डावीकडे संपूर्णपणे राहिलेली एखादी गोष्ट बालकास येत नसेल, तर त्यास तपासणीसाठी पाठवावयाचे. यास पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. माता व बाल संरक्षण कार्डावरही वयानुसार टप्पे चित्ररूपाने दिलेले असतात. हे कार्ड घरोघरी आहे. गरज आहे ती लसीच्या तारखेबरोबर त्याचे हे पानही उघडण्याची.

पाहावे काय?

चार महिने पूर्ण झाल्यावरही मान लटपटत असेल, हाताच्या मुठी सदैव मिटलेल्या असतील, नऊ महिने उलटूनही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे झाले तरी आधाराने उभे राहत नसेल किंवा अठरा महिन्यांचे होऊनही चालत नसेल, तर त्या बालकाची तपासणी झालीच पाहिजे. या झाल्या वयाच्या खुणा. काही खुणा मात्र वयावर अवलंबून नसतात आणि त्या सेविकेच्या नजरेला अधिक सहज दिसतात.

बालकाच्या शरीराच्या दोन बाजू सारख्या चालतात का, हे प्रथम पाहावे. वर्षाच्या आतील बाळ सर्व वस्तू एकाच हाताने घेत असेल, तर 'आमचा बाळ डावरा आहे' असे कौतुक करण्याची घाई करू नये. डावरेपण वा उजवेपण इतक्या लवकर ठरत नाही. दुसऱ्या हातात काही अडचण असण्याची ती खूण असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे आईची कड. आपल्याकडे बाळाला कडेवर घेण्याची चाल आहे आणि ती बाळाच्या खुब्यांच्या सांध्यांना हितकारकच आहे. निरोगी बाळ पाय फाकवून आईच्या कमरेला सहज बिलगते. एखाद्या बाळाचे पाय ताठ राहतात, कात्रीसारखे एकमेकांवर येतात, लंगोट बदलताना मांड्या दूर होत नाहीत आणि आई त्याला कडेवर न घेता खांद्यावर टाकते. या साध्या गोष्टीतून स्नायूंचा ताठरपणा किंवा खुब्याच्या सांध्याचा दोष लक्षात येऊ शकतो. याच्या उलट, बगलेत धरून उचलले असता एखादे बाळ हातांतून निसटते आहे असे वाटते. हा स्नायूंचा सैलपणाही नोंद घेण्याजोगाच असतो.

तीन ते सहा वर्षांच्या बालकांत जेवणानंतरचा क्षण फार बोलका असतो. खिचडी संपली की सारी मुले उठून हात धुवावयास धावतात. त्यांत एखादा मुलगा आधी पालथा होतो, हात जमिनीवर टेकतो आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात ठेवीत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतो. तो पायऱ्या चढताना अडखळतो आणि वारंवार पडतो. त्याच्या पोटऱ्या मात्र चांगल्या भरदार दिसतात. पाहणारा म्हणतो की मुलगा धडधाकट आहे, जरा आळशी आहे. वस्तुतः स्नायूंच्या एका आनुवंशिक आजाराची ही खूण असू शकते. हा आजार मुख्यतः मुलग्यांत आढळतो आणि त्याचा पहिला सुगावा रक्ताच्या एका तपासणीने लागतो. हा आजार समूळ बरा करणारा उपचार आज नसला, तरी औषधे व व्यायाम यांनी चालण्याची क्षमता अधिक काळ टिकविता येते. त्या कुटुंबास पुढील अपत्यासंबंधी योग्य सल्लाही वेळेवर मिळू शकतो.

दोन गोष्टींत मात्र क्षणाचाही विलंब करू नये. येत असलेली हालचाल बालक विसरू लागले, बसणारे बाळ बसेनासे झाले, तर कोणत्याही वयात ती गंभीर खूण समजावी. तसेच पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला आहे, परंतु ती मुक्तता टिकविण्यासाठी अशी प्रत्येक खबर आजही आवश्यक असते.

'होईल हळूहळू'

गावात अशा बालकाविषयी बोलणे निघाले की ठरावीक उत्तरे ऐकू येतात. याचे वडीलही उशिरा चालले होते. बाळ गुटगुटीत आहे, म्हणून जड झाले आहे. तेलाने चांगले मालिश करा, पांगुळगाडा आणा, होईल हळूहळू. या उत्तरांत माया असते, हे नाकारता येणार नाही. मालिशाने बाळाला सुख वाटते आणि ते जरूर करावे. परंतु मालिश हे निदान नव्हे आणि बाळाला बसवून फिरविण्याच्या चाकांच्या गाडीने चालणे लवकर येते, ही समजूतही बरोबर नाही. उलट तिच्यामुळे अपघात होतात. जागेपणी, डोळ्यांसमोर बाळाला पालथे खेळू देणे आणि मोकळ्या सतरंजीवर सोडणे हे त्याहून अधिक उपयुक्त असते.

'होईल हळूहळू' या शब्दांची किंमत महिन्यांत मोजावी लागते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण सर्वांत वेगाने होत असते. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेल्या बालकास या काळात योग्य व्यायाम, योग्य बैठक आणि खेळातून उत्तेजन मिळाले, तर ते पुष्कळ शिकू शकते. तीच मदत उशिरा मिळाली, तर स्नायू आखडून जातात, सांधे वाकडे होतात आणि जे व्यायामाने साधले असते त्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ येते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याचे हातपाय नीट चालत नाहीत, त्याची बुद्धीही मंद असते असे नाही. अशी कित्येक बालके अभ्यासात इतरांच्या बरोबरीने चालतात. त्यांना वर्गापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र मिळावी लागते.

मागे पडण्याची काही कारणे तर पूर्णपणे उपचारसाध्य असतात. थायरॉईड ग्रंथीचा स्राव कमी असलेल्या बाळास रोजच्या एका गोळीने लाभ होतो, पण ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावी लागते. मुडदूस झालेल्या बाळाचे पाय ड जीवनसत्त्व व चुना यांनी सावरतात. आईच्या आहारात ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल आणि बाळ वर्षभर केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर ते मलूल होते, हसणे-बसणे विसरते, त्याच्या हातांना कंप सुटतो. त्यावरील औषध स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे आहे. अशा बालकाबाबत वाट पाहण्यात घालविलेला प्रत्येक महिना हा अकारण झालेला तोटा असतो.

सांगावे कसे?

निदान करणे हे सेविकेचे काम नव्हे. रोगाचे नाव तिने घेऊ नये आणि 'काही नाही, घाबरू नका' असेही म्हणू नये. जे दिसले तेच सांगावे. चारचौघांत, वजनाच्या ओळीत न सांगता गृहभेटीच्या वेळी, घरातील ज्येष्ठांना जवळ बसवून सांगावे. "आजी, बाळ उजव्या हातानं खुळखुळा लगेच घेतं, पण डावी मूठ काही उघडत नाही. तुम्हीही जरा पाहा. आणि परवा डॉक्टरांना दाखवायला आपण बरोबरच जाऊ." एवढे बोलणे पुरेसे असते. त्यात दोष कोणाचाही नाही, पुढची वाट मात्र आहे.

दोषाचा प्रश्न नाजूक असतो. कोणी म्हणते, सुनेने ग्रहण पाळले नाही. कोणी तिच्या माहेराकडे बोट दाखविते. सेविकेने, शिक्षकाने आणि सरपंचानेही येथे स्पष्टपणे सांगावयास हवे की ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही आणि आईला बोल लावल्याने बाळाचा हात उघडत नाही. जी आई अपराधी ठरविली जाते ती बाळाला लपवू लागते. लपविलेले बाळ अंगणवाडीत येत नाही आणि मग ते कोणाच्याच नजरेस पडत नाही.

पुढची वाट

बालक ओळखले गेल्यावर त्याला नेण्यासाठी व्यवस्था उपलब्ध आहे. आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी भेट देते. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथक अंगणवाडीस वर्षातून दोनदा आणि शाळेस एकदा भेट देते. विकासातील विलंब हा त्या तपासणीचा एक प्रमुख भाग आहे. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे ही या कार्यक्रमातील तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली. तिच्यात लवकर ओळख, अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढील सेवांशी जोडून देणे यांवर भर आहे.

तथापि पथकाची भेट सहा महिन्यांनी येते आणि सहा महिने हा आठ महिन्यांच्या बाळाच्या आयुष्यातील फार मोठा काळ असतो. सेविकेने पाहिलेली गोष्ट पथकाची वाट पाहत वहीत पडून राहू नये. पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी कोणाला पाठविले एवढेच न विचारता कोण पोहोचले आणि पुढे काय झाले, हे विचारावे. चिठ्ठी देणे म्हणजे संदर्भ सेवा नव्हे. बालक तज्ज्ञापर्यंत पोहोचले म्हणजे ती सेवा पुरी होते.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची बालके हा तर विशेष चिंतेचा विषय आहे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात आणि कुटुंबे परततात ती उन्हाळा लागल्यावर. गाव सोडताना आठ महिन्यांचे असलेले बाळ परत येते तेव्हा चौदा महिन्यांचे झालेले असते. बसणे, उभे राहणे आणि पहिले पाऊल या साऱ्यांचा काळ फडावरच्या कोपीत निघून जातो. गावची सेविका त्यास पाहू शकत नाही आणि फडाजवळच्या सेविकेच्या पटावर त्याचे नाव नसते. यास्तव कुटुंब निघताना बाळाचे कार्ड बरोबर दिले पाहिजे, शंका असल्यास ती त्यावर लिहिली पाहिजे आणि कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीने अशा बालकांना पाहुणे न मानता आपल्या पटावर घेतले पाहिजे. बांधकामावरील मजुरांच्या बालकांबाबतही हेच खरे आहे.

पंचायत सदस्यांचे कार्य येथेच सुरू होते. जिल्ह्याच्या गावी एक खेप म्हणजे मजूर कुटुंबाचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि गाडीभाडे वेगळे लागते. व्यायामोपचार तर एका खेपेत संपत नाहीत. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो. नियमांत बसेल त्या रीतीने त्याचा उपयोग लहान बालकांपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. अंगणवाडीला एक स्वच्छ सतरंजी, चार मणी ओवण्याच्या दोऱ्या, एक चेंडू आणि दोन पायऱ्यांचा ओटा एवढे मिळाले, तरी खेळता खेळता बालकांची तपासणी होऊ शकते. शिक्षकांनीही पहिलीत आलेल्या मुलाची पेन्सिल धरण्याची पद्धत आणि जिना चढण्याची रीत पाहावी. 'अक्षर वाईट' म्हणून त्यास छडी दाखविण्यापूर्वी त्याच्या बोटांत बळ आहे की नाही, याची विचारपूस व्हावी.

या साऱ्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ते लक्ष आणि पाहिलेली गोष्ट शेवटपर्यंत नेण्याची चिकाटी. प्रारंभी कल्पिलेले ते दहा महिन्यांचे बाळ पुन्हा काट्यावर येईल, तेव्हा सेविकेने वजन लिहून झाल्यावर क्षणभर थांबावे. आपले बोट त्याच्या मिटलेल्या मुठीजवळ न्यावे आणि ती उघडते का, ते पाहावे. न उघडल्यास कार्डावर तारखेसह दोन ओळी लिहाव्यात आणि त्याच आठवड्यात बाळाला आईसह प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्याची व्यवस्था करावी. सेविका थांबेल तर पर्यवेक्षिका विचारील, पर्यवेक्षिका विचारील तर डॉक्टर तपासतील आणि पंचायत पाठीशी असेल तर आईचा रोज बुडाला तरी तिची खेप चुकणार नाही. बालकाचे पाऊल वेळेवर पडावे यासाठी गावातील या साऱ्या मोठ्या माणसांनी आपापले पाऊल वेळेवर टाकावे, एवढीच अपेक्षा आहे.